अल्बर्टाचं नेमकं दुखणं काय आहे?

पाटीवाला शहापूर:

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या शहापूरचा. बोर्ड रंगवायचा आमचा धंदा, वडिलांपासूनचा. आता ब्रश कमी आणि फ्लेक्स जास्त, पण पत्र्यावर इनॅमलची अक्षरं पाहिजे असली की लोक अजून माझ्याकडेच येतात. राजकारणाचं माझं वाचन म्हणजे सकाळचा चहा आणि पेपर. प्रश्न अडाण्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या.

पुतण्या कॅलगरीत आहे, अकरा वर्षं झाली. रविवारी त्याचा फोन असतो. मागच्या महिन्यात म्हणाला, "काका, शेजारी सहीचा कागद घेऊन आला होता. अल्बर्टा प्रांतानं कॅनडातून वेगळं व्हावं म्हणून." मी म्हटलं, केलास काय सही? तर म्हणे, मी अजून नागरिक नाही, माझी चालत नाही. आणि हे सांगतोय कसं, तर शेजारी गणपतीची वर्गणी मागायला आल्यासारखं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तिथल्याच क्युबेक प्रांतातही वेगळं व्हायची मागणी आहे, त्याचं थोडं ठाऊक होतं. ते फ्रेंच बोलणारे, बाकीचा देश इंग्रजी. भाषेचं दुखणं आम्हाला कुणी समजावून द्यायला नको. माझ्या आजोबांनी शहापुरातलं घर न सोडता तीन राज्यं बघितली. जन्मले तेव्हा शहापूर सांगली संस्थानात, मग मुंबई राज्य, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला सकाळी उठले ते म्हैसूर राज्यात, कुणी विचारलंही नाही. चौथं नाव कर्नाटक, ते १९७३ ला पडलं, त्याला ते नव्हते. पण अल्बर्टात तर सगळे इंग्रजीच बोलतात की! तेल आहे, पैसा आहे. ह्यांना कुणी काय केलंय?

दुसरं असं, की देश मोडायची भाषा दारोदार फिरून करतात आणि पोलीस काहीच करत नाहीत? आमच्याकडे १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला फीत बांधून चालायचं म्हटलं तरी आधी परवानगीचं काय झालं ते विचारावं लागतंय. आणि आम्ही देश सोडतो म्हणतच नाही. कर्नाटकातून महाराष्ट्रात जायचंय, म्हणजे एकाच वाड्यातली खोली बदलून मागतोय.

तिसरं माझ्या धंद्यातलं. २०२४ पासून आमच्याकडे पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी धंदा बरा झाला. पण ६० टक्के मोजायचे कसे? कन्नड अक्षर गोल, रुंद, त्याचा ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लोंबतो. देवनागरीला शिरोरेषा, वेलांटी वर, उकार खाली. खडूचा दोरा मारून मी दोन पट्टे आखतो. आता उंची पट्ट्याची धरायची की अक्षराची? ओत्तक्षर मोजायचा की सोडायचा? खडे बाजारातल्या एका कापडदुकानाचा बोर्ड मी पट्टी लावून केला होता. वर कन्नड १८ इंच, खाली मराठी १२. साठाला चाळीस, हिशोब चोख. तपासायला आलेला माणूस खालूनच मान वर करून म्हणाला, "मराठी मोठं दिसतंय." दिसणारच! शिरोरेषेनं देवनागरी भरीव दिसते, त्याला मी काय करू? शेवटी मराठी दहा इंचांवर आणलं आणि उरलेल्या दोन इंचांत मालकानं फोन नंबर घातला.

क्युबेकातही पाट्यांचा कायदा आहे म्हणतात. तिथं कसं मोजतात?

निपाणीची एडमंटनवाली:

काका, मी निपाणीची, इथं चौदा वर्षं झाली. अल्बर्टाचं मी सांगते, पाट्यांचं दुसरं कुणी सांगेल.

अल्बर्टा आणि सास्काचेवान हे प्रांत १९०५ ला झाले. पण जमीन आणि जमिनीच्या पोटात असेल ते सगळं ओटावानं, म्हणजे केंद्र सरकारनं, स्वतःकडे ठेवलं. ओंटारियो, क्युबेक यांच्याकडे तो हक्क पहिल्यापासून होता. ह्यांना मिळाला १९३० ला. सून घरात आली, पण कोठीच्या किल्ल्या पंचवीस वर्षं सासूच्या कमरेला, असं समजा. पुढं १९४७ ला एडमंटनजवळ लेडुकला मोठं तेल लागलं आणि किल्ल्यांना खरी किंमत आली.

मग १९८०. पिअर ट्रूडो पंतप्रधान. जगात तेलाचे भाव भडकलेले, आणि त्यांच्या सरकारनं राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला. देशातला भाव खाली बांधायचा, वर ओटावाचा कर. फायदा पूर्वेकडच्या कारखान्यांना. इथले प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, पीटर लॉहीड यांनी टीव्हीवर येऊन सांगितलं, आम्ही तेलाचा पुरवठा टप्प्याटप्प्यानं कमी करतो. माझ्या शेजारचे आजोबा तेव्हा तेलविहिरीच्या रिगवर कामाला होते. काम गेलं, हप्ते थकले, घराची चावी बँकेच्या हातात देऊन आले. चढे व्याजदर आणि जगभरची मंदी यांचाही त्यात हात होता, पण ते आजोबांना सांगून बघा! त्यांच्या लेखी ट्रूडो म्हणजे ते गेलेलं घर. २०१५ ला मुलगा ट्रूडो पंतप्रधान झाला त्या रात्री त्यांनी टीव्हीच बंद केला.

भाषा नाही तर राग कसला, असं तुम्ही विचारताय. आमच्या निपाणीत १९८१ ला तंबाखूवाल्यांनी शरद जोशींबरोबर हायवेवर ठाण मांडलं, गोळीबार झाला, माणसं गेली. वडील सांगतात, तिथं कन्नड कोण आणि मराठी कोण हे कुणी विचारलं नाही. माल आमचा आणि भाव तुमचा, हे एकच दुखणं होतं. अल्बर्टाचं तेच आहे.

इथं रोज कानावर पडणारं वाक्य म्हणजे "आमच्या पैशावर क्युबेक जगतंय." समानीकरण नावाची योजना आहे, १९५७ पासूनची, १९८२ च्या घटनेत तिचं तत्त्वही घातलंय. उत्पन्नाची ताकद कमी असलेल्या प्रांतांना केंद्र पैसे देतं. एकूण रक्कम बघितली तर सगळ्यांत मोठा वाटा क्युबेकला जातो, आणि अल्बर्टाला १९६० च्या दशकानंतर दमडी मिळालेली नाही. खरं आहे. पण अल्बर्टा सरकार कुणाच्या नावे चेक फाडत नाही हो. केंद्राच्या करातून जातात. तो मी भरते तसा मॉन्ट्रियलचा डॉक्टरही भरतो, इथं पगार मोठे म्हणून इथून जास्त जातो, इतकंच. २०२१ ला प्रांतानं यावर जनमत घेतलं, ६२ टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले, तत्त्वच काढून टाका. निघालं नाही. एका प्रांताच्या मतानं घटना बदलत नाही.

सिनेटचं, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचं, मात्र मलाही खटकतं. १०५ जागांत अल्बर्टाला ६. न्यू ब्रन्सविकला १०, आणि त्या अख्ख्या प्रांताची वस्ती एकट्या कॅलगरीपेक्षा कमी!

सह्यांचं म्हणाल तर २०२५ मध्ये प्रीमियर डॅनियल स्मिथ यांच्या सरकारनं अट सैल केली. गेल्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या १० टक्के, म्हणजे १ लाख ७७ हजारांच्या आसपास सह्या पुरतात. पण त्याच वर्षी "कॅनडातच राहू" म्हणणाऱ्यांनीही अर्ज फिरवला आणि ४ लाखांच्या वर सह्या जमवल्या. त्यात माझी एक. थंडी अजून पडायची होती म्हणून जमल्या, असं नवरा म्हणतो.

शेंगाचटणी:

काका, दुखणं जगभर एकच. पैसे. बाकी भाषण.

पाटीवाला शहापूर:

शेंगाचटणी, मग ७० वर्षं आमचे लोक लाठ्या पैशासाठी खात होते काय? १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, बेळगावच्या हुतात्मा चौकात येऊन हे बोलून दाखव.

एडमंटनच्या ताई, किल्ल्यांचं अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. आभारी आहे.

वकील कॉलेज रोड:

पोलीस काही का करत नाहीत याचं उत्तर देतो.

वेगळं व्हायचं का यावर क्युबेकात दोनदा मतदान झालं. १९८० ला ५९.५६ टक्के "नको" म्हणाले. ३० ऑक्टोबर १९९५ ला "नको" ५०.५८ आणि "हो" ४९.४२. मतदान झालं ९३ टक्क्यांच्या वर, फरक उरला ५४ हजारांचा. एका देशाचं भवितव्य ५४ हजार मतांवर! त्या रात्री प्रीमियर झाक पारिझो म्हणाले की पैसा आणि परक्या वंशाच्या मतांनी आम्हाला हरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला. आणि हे चालू असताना ओटावाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्ष कोण होता? ब्लॉक केबेक्वा, म्हणजे क्युबेक बाहेर काढायला निघालेलाच पक्ष. १९९३ ला त्याचे ५४ खासदार आले होते.

त्यानंतर केंद्रानं सर्वोच्च न्यायालयाला विचारलं. ऑगस्ट १९९८ चं मत असं, की प्रांताला एकतर्फी निघून जाता येणार नाही. पण स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्या देशाला बोलणीला बसावंच लागेल. २००० मध्ये त्यावर कायदा झाला. प्रश्न स्पष्ट आहे का हे संसद ठरवणार. बहुमत किती म्हणजे स्पष्ट, याचा आकडा मात्र त्यात घातलेला नाही. तेव्हा तिकडे सही मागणं हा गुन्हा नाही, घटनेच्या चौकटीतलंच काम आहे. सगळं असंच सोज्वळ होतं असंही समजू नका. १९७० च्या ऑक्टोबरात एका फुटीर गटानं क्युबेकचे मंत्री पिअर लापोर्ट यांना पळवून नेऊन मारलं, त्याच दिवसांत ह्याच देशानं युद्धकाळातला कायदा लावून शेकडो लोकांना आरोपाशिवाय आत टाकलं होतं.

आपल्याकडे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनं देशाच्या अखंडतेची शपथ आणली. फुटून निघण्याची मागणी त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार तीच शपथ घेऊन विधानसभेत बसले, कारण सीमाप्रश्न घटनेच्या अनुच्छेद ३ चा आहे. राज्यांची हद्द संसद साध्या कायद्यानं बदलू शकते, राज्याचं मत मागवते, संमती लागत नाही. कॅनडात उलट आहे, प्रांताच्या संमतीशिवाय त्याची हद्द हलत नाही. म्हणजे खोली बदलणं कागदावर तरी आपल्याकडे सोपं. कागदावर! महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.

सीमाप्रश्नाशी जुळणारं तिकडे शोधायचंच तर क्युबेकपेक्षा लॅब्राडोर बघा. १९२७ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या न्यायपीठानं, तो भाग न्यूफाउंडलंडला दिला. क्युबेक सरकारच्या नकाशांत ती रेघ अजून वेगळी दिसते. आपल्या सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाची आठवण येते की नाही?

पाट्यांचं. १९७७ च्या कायद्यानं क्युबेकात दुकानावर फक्त फ्रेंच. १९८८ ला सर्वोच्च न्यायालयानं ते उडवलं. १९९३ पासून दुसरी भाषा चालते, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी. १ जून २०२५ पासून दुकानाचं इंग्रजी नाव ट्रेडमार्क असलं तरी बाहेरून दिसणाऱ्या फ्रेंच मजकुराला त्याच्या दुप्पट जागा द्यावी लागते. ओत्तक्षराची अडचण त्यांना नाही.

करदंट गोकाक:

नमस्कार री. मी कन्नड माणूस, मराठी आजीकडून आणि कोल्हापूरच्या गूळबाजारातून शिकलेलं. चुका पोटात घाला.

बोर्डवाले अण्णा, तुम्ही क्युबेक वाचताय. मी मघापासून अल्बर्टा वाचतोय आणि मला आमचंच वाटतंय. बेंगळूरु आमच्यापासून पाचशे किलोमीटर. २००२ च्या नंजुंडप्पा समितीनं सांगितलं, राज्यातले १७५ पैकी ११४ तालुके मागास, आणि त्यातले जास्त उत्तर कर्नाटकातले. कलबुर्गीकडच्या जिल्ह्यांना ३७१-जे, म्हणजे घटनेतला खास दर्जा, मिळालं, बेळगावीला नाही. आमच्या जिल्ह्याचे उमेश कत्ती मंत्री असतानासुद्धा वेगळं उत्तर कर्नाटक मागत होते. बेळगावीत सुवर्णसौध, म्हणजे विधानसभेची दुसरी इमारत, २०१२ ला बांधून दिलं. हिवाळ्यातलं अधिवेशन सोडलं तर वर्षभर तिथं काय चालतं? आणि ते बांधलं तरी कशाला? आमच्यासाठी थोडं, तुम्हाला दाखवायला जास्त.

कॅनडात प्रेस्टन मॅनिंगच्या रिफॉर्म पक्षाची घोषणा होती, "पश्चिमेला आत यायचंय." आमचं तेवढंच आहे री. बाहेर जायचं नाही, आत घ्या.

एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही म्हणता आम्हाला कुणी विचारलं नाही. उद्या विचारलंच, तर विचारणार कुणाला? शहराला? गावाला? गल्लीला? शहापूर-वडगावात साडीचे माग चालवणारे कन्नड लोक किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

वकील कॉलेज रोड:

करदंट यांनी वर्मावर बोट ठेवलं. १९९५ ला क्युबेकच्या मतदानाच्या सहाच दिवस आधी उत्तरेकडच्या क्री आदिवासींनी स्वतःचं मतदान घेतलं. ९६ टक्के म्हणाले, क्युबेक गेलं तरी आम्ही आमच्या जमिनीसकट कॅनडात राहणार. अल्बर्टातही आदिवासी राष्ट्रं म्हणतात की आमचे तह १८७६, १८७७ आणि १८९९ चे, तुमचा प्रांत १९०५ चा. आमचा करार राणीशी, तुम्ही मधले कोण?

महाराष्ट्राची बाजूही हीच. खेडं हा घटक धरा, सलगता बघा, लोकांची भाषा बघा. महाजन आयोगानं १९६७ ला २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला.

खानापूरचा मास्तर:

तुमचं सगळं वाचलं. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर आहे. एडमंटनच्याच फ्रेंच पालकांनी अल्बर्टा सरकारविरुद्ध खटला लढवला आणि १९९० ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की पुरेशी मुलं असतील तिथं नुसती शाळा नाही, शाळेच्या कारभारातही अल्पभाषिकांचा हक्क. क्युबेक नव्हे, हे अल्बर्टातले मूठभर फ्रेंच, तेच आपल्यासारखे.

पुरेशी मुलं असतील तिथं. माझ्याकडे यंदा पहिलीत चार आली. दोन ऊसतोड्यांची, ती दिवाळीनंतर जाणार. बाकी गावची मुलं कुठं जातात? कन्नड शाळेत नाही. पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमात. त्या बसवर नाव इंग्रजीत, त्याचे ६० टक्के कोण मोजतं? काळ्या दिनाला पुढं घोषणा देणारे दोघे जण आहेत, त्यांचीही मुलं त्याच बसमध्ये. मी नावं घेत नाही, त्यांना कळेल.

पाटीवाला शहापूर:

मास्तर, माझा नातूही त्याच बसमध्ये आहे. सांगून टाकतो.

वकीलसाहेब, दुप्पट जागा म्हणजे हिशोबानं ६६ टक्क्यांच्या वर झाली. म्हणजे कर्नाटक सहा टक्क्यांनी सुटलं म्हणायचं! पुतण्याला फोन करून सांगितलं तर हसला. तो म्हणाला, क्युबेकात थांबा म्हणायच्या लाल पाटीवरही फ्रेंच शब्द असतो, आणि खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर "स्टॉप" लिहितात. हे मी चार दिवस गिऱ्हाइकांना सांगत होतो.

करदंट अण्णा, राग कसला. तुमच्या प्रश्नानं मी खरंच गल्ली मोजत बसलो. आमच्या ओळीत सोळा घरं. सात मराठी, पाच कन्नड, दोन घरांत आई एक आणि बाप दुसरा, एक कोकणी, एक मारवाडी. समोरचे मागवाले बसप्पाकाका वारले तेव्हा तिरडीला खांदा देणाऱ्यांत मी होतो, आणि १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात त्यांच्याच माडीवर माझे वडील दोन रात्री लपून होते. आता गावाला घटक धरा म्हटलं तर मी हो म्हणेन. पण त्या पाच घरांना कुणी विचारलं तर ते काय म्हणतील हे मी त्यांना ७० वर्षांत विचारलेलं नाही. बाकी आमचा दावा मी सोडलेला नाही, हेही लिहून ठेवतो. विचारायला पाहिजे होतं ते १९५६ ला सरकारनं. ५४ हजारांनी हरलो असतो तर हरलो असतो, निदान आकडा तरी हातात असता.

पुतण्याचं नवीन ऐका. त्याची बायको धारवाडची, कन्नड. पोरगी सात वर्षांची, तिला घातलंय फ्रेंच माध्यमाच्या वर्गात. कॅलगरीत! मी म्हटलं, क्युबेकच्या नावानं बोटं मोडता आणि पोरीला फ्रेंच? तर म्हणे, काका, त्या वर्गाला पालकांची रांग असते, पुढं नोकरीला बरं पडतं. पोरगी फोनवर मला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, मी कन्नडमध्ये उत्तर दिलं, तिची आई हसत सुटली.

आता त्यांना नव्या घराच्या दाराला पाटी पाहिजे, माझ्या हातची, फ्लेक्स नको. पत्रा कापून प्रायमर मारून ठेवलाय, १८ बाय १२ इंच. आडनाव मराठीत, कन्नडमध्ये आणि रोमनमध्ये. फ्रेंच आणि इंग्रजीला एकच अक्षरं चालतात, तिथं एक पट्टा वाचला. राहिले दोन. पुतण्या म्हणतो मराठी वर. सूनबाई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "मामा, ओत्तक्षराला जागा सोडा हां." आडनावात ओत्तक्षर आहे. पट्ट्यात मोजू की बाहेर सोडू? शनिवारी रंग भरायला घेणार आहे, त्याच्या आत कुणी सांगितलं तर बरं.